बायकोची दोरी

शालू मागच्या पौषात गेली. भरल्या घरातून गेली, लेकी-जावई, नातवंडं सगळी उशाशी होती, असं हिवरा आश्रमाकडून आलेल्या पाहुण्यानं सांगितलं. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं मी गप्प राहिले ते माझ्या स्वभावात नाही, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. आमचे हे म्हणायचे, सिंधूच्या तोंडाला लावायला अख्ख्या दुसरबीडच्या बाजारात कुलूप मिळणार नाही. ते कुलूप रुखमाबाईनं लावलं होतं.

आमचं गाव दुसरबीडपासून कोसभर आत. जमीन वरून काळी, लोण्यासारखी मऊ. पण जरा खाली गेलं की मुरूम, आणि त्याच्याखाली काळा फत्तर. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास गावात ऑइल इंजिनं आली आणि ज्याला त्याला विहीर पाहिजे झाली. वांगी-मिरचीवाले, कांदेवाले, कपाशीवाले, सगळे एकदम विहिरीच्या मागे लागले. विहीर खोदायची तर शालिग्रामला बोलवायचं. त्याची स्वतःची जमीन भाजीपाल्यापुरती, पण बापापासून विहिरीत उतरणं अंगात भिनलेलं. खडकावर हातोडी मारून आवाजावरून तो कुठं पोकळ, कुठं घट्ट ते सांगायचा. रुखमाबाई ही त्याची बायको, माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण.

त्यांच्या घरात एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला अंबाडीची एक दोरी बांधायची आणि तिचं वरचं टोक त्याच्या बायकोनंच धरायचं. दगड-मुरूम वर ओढायचा दोर वेगळा, त्याला बैल. ते बैल आमच्या ह्यांचे, नारायणरावांचे. पण ही दोरी फक्त माणसासाठी. माणूस खाली उतरेल तशी सोडायची, वर चढेल तशी आवळून घ्यायची, ढिली म्हणून ठेवायची नाही. गावातले रिकामटेकडे तिला बायकोची दोरी म्हणत आणि फिदीफिदी हसत. शालिग्रामची आई अन्नपूर्णाबाई मात्र हसत नसे. तिनं तिच्या काळी ती धरली होती. मी नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा तिला विचारलं होतं की, हे गड्यांचं काम बायकोकडे काऊन? ती म्हणाली, "गड्याचं ध्यान बिडीत जाते, गप्पात जाते. जिचं कुकू खाली उतरलं तिचं ध्यान कुठं जाईन?"

मला ते पटलं. अजूनही पटतं. पुढे ह्याच बाईच्या तोंडून उलटं ऐकावं लागलं, ते वेगळं.

रुखमाबाई अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. चार बायकांत बसली तर आहे की नाही कळायचं नाही. पण विहिरीच्या काठावर ती दोरी हातात घेऊन बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सगळ्यांना माहीत. मी भाकरी घेऊन जायची ह्यांच्यासाठी. तिच्यासमोर भाकरीचं फडकं ठेवलं तरी ती वर पाहत नसे. एकदा रंगरावांच्या विहिरीवर शालिग्रामचा पाय सुटला. हिनं दोरी धरून ठेवली. धरली म्हणजे काय, तळहाताची साल गेली, दोरी रक्तानं ओली झाली, पण सोडली नाही. शालिग्राम मधोमध लोंबकळत राहिला. वर ओढायची ताकद तिच्या अंगात नव्हती आणि बैल त्या वेळी पाण्यावर गेलेले. कितीतरी वेळ ती तशीच, मागे रेललेली, पाय काठाच्या दगडाला लावून. माणसं आली तेव्हा तिची मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं.

त्या दिवसानंतर शालिग्रामची झोप उडाली. स्वतःसाठी नाही. तो आमच्या ओट्यावर बसून ह्यांना म्हणाला, "तिनं धरलं म्हून वाचलो, नारायणभाऊ. पण तिचे हात पाह्यले का? धरनं तिच्या हाती आहे, काढनं नाई. एकट्या बाईले धरताही आलं पाह्यजे अन् काढताही आलं पाह्यजे, असं कायतरी पाह्यजे."

मग दुसरबीडचा पुंजाजी सुतार आणि हा, दोघं मिळून महिनोन्‌महिने बाभळीची लाकडं तासत बसले. किती फोडली, किती चुलीत गेली. शेवटी जे झालं ते असं: दोन खुंटांवर एक आडवी लाट, म्हणजे फिरणारं गोल लाकूड, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. लाटेच्या एका टोकाला दाते असलेलं लाकडी चाक, आणि त्या दात्यांत वरून पडणारा एक खटका. दुसऱ्या टोकाला बारक्या दोरीनं टांगलेला दगड. माणूस वर चढू लागला की दगडाच्या वजनानं लाट आपोआप फिरून दोरी गुंडाळून घ्यायची, खटका नुसता टकटक करायचा, अडवायचा नाही. पण दोरी खाली सोडायची तर पायाखालची फळी दाबावी लागायची. फळी दाबली की खटका उचलला जायचा. पाय काढला की खटका दात्यात, आणि लाट जाग्यावर गच्च. वर दांडा होता, तो फिरवून एकटी बाईसुद्धा गड्याला वर काढू शकायची. लोक त्याला चक्री म्हणू लागले.

सगळी मेख त्या पायात होती. माणूस खाली घसरला तर पाय उचलायचा. ऐकायला सोपं आहे. पण भ्यालेला माणूस काय करतो? पाय रोवतो. बैलगाडी उताराला लागली की मागं बसलेली बाई फळीवर पाय कसे दाबून धरते, पाहिलंय ना? त्याच पायानं इथं माणूस मरतो. शालिग्रामला हे पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून त्यानं रुखमाबाईला शिकवलं, आणि शिकवताना दयामाया केली नाही. दोरीला दगडांचं पोतं बांधायचं, तिला चक्रीच्या फळीवर पाय ठेवून बसवायचं आणि ती बेसावध असताना, दळताना, निवडताना, माझ्याशी बोलताना, ते अचानक सोडून द्यायचं. ती रडायची. तो पुन्हा सोडायचा. शेवटी तिचा उजवा पाय इतका तयार झाला की घरात भांडं पडलं तरी तो वर उचलला जायचा. हळदी-कुंकवाला आम्ही मुद्दाम पितळी ताटली पाडायचो आणि तिचा पाय पाहून हसायचो. तीही हसायची.

त्या चक्रीवर शालिग्रामनं कितीतरी विहिरी खोदल्या. दोनदा घसरला, दोन्हीदा तिनं पाय उचलला, दांडा फिरवला आणि त्याला वर काढलं. वर आला की तो तिच्याकडे पाहायचा, ती त्याच्याकडे. ज्याला विहिरीनं हात लावला नाही तो माणूस घरात, खाटेवर, कावीळ होऊन गेला. देऊळगाव राजाच्या डॉक्टरांनी केलं ते केलं, झाडपाल्यावाल्यानं केलं ते केलं. रुखमाबाई उशाशी बसून होती आणि धरायला हातात काही नव्हतं.

बांगड्या फुटल्या त्याच दिवशी अन्नपूर्णाबाईनं चक्रीची दोरी उतरवून आपल्या खोलीत ठेवली.

आमच्याकडे असं मानत, की नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत तिच्या तोंडाशी विधवेनं जायचं नाही. नारळ फोडायचा, हळद-कुंकू वाहायचं ते सवाष्णीनं. शिवाय ह्या घरात तर दोरीच बायकोची. जिला नवरा नाही तिनं कुणाची धरायची? रुखमाबाईनं विचारलंसुद्धा नाही. घरात दुसरा उतरणारा होता, तिचा दीर वामन, आणि सगळा प्रश्न त्याचाच होता.

वामन म्हणजे तिचं लेकरूच. ती लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून चालायचा. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याला गोवर आला तेव्हा त्यातून तिनं काढलं, शाळेत रडला तेव्हा हिनं नेऊन बसवलं, भावाकडून विहीर शिकला तेव्हा पहिल्यांदा खाली उतरताना दोरी हिच्याच हातात होती, कारण त्याला बायको नव्हती. मग त्याचं लग्न झालं. हिवरा आश्रमाकडची शालू, चांगल्या घरची, हसरी, जराशी घाबरट. वर्षा-दीड वर्षात एक मुलगी झाली. शालिग्राम गेल्यावर वामन बरेच दिवस विहिरीत उतरलाच नाही, भाजीवर भागवलं. पण महादेवरावांचं बोलावणं आलं. गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, मळ्याच्या वरच्या अंगाला विहीर घ्यायची म्हणाले, आणि शालिग्रामच्या भावाशिवाय दुसऱ्याचा हात लागू देणार नाही म्हणाले.

वामन घरी येऊन म्हणाला, "वयनी दोरीवर नसन तं मी उतरत नाई."

मी तेव्हा त्यांच्या अंगणात लसूण निवडत होते. अन्नपूर्णाबाई ओसरीवर बसली होती. मला वाटलं, आता तरी ही म्हातारी शहाण्यासारखं बोलेल, कारण गावात दोरी म्हणजे काय हे कळणारी रुखमाशिवाय तीच एक होती. तिनं आपले दोन्ही तळहात पुढे केले. मग म्हणाली, "मी नाई सोडली का दोरी? तुमचा बाप गेला तवा माह्या हाताले काय झालं होतं? काही नाई. तरी सोडली. मले का हौस होती? आता हिच्यासाठी रीत मोडली अन् पोराले काही झालं, तं मी कोनाले तोंड दाखवू?"

वामन ऐकेना. त्यानं जेवण टाकलं. शेवटी त्याला राजी केलं ते रुखमाबाईनं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, मी शालूला शिकवते. तयार झाली असं मला वाटलं तरच तू उतर.

आणि शिकवली तिनं. अंगणात जुन्या खतखड्ड्यावर चक्री उभी केली. घरच्या घरी हात लावायला हरकत नव्हती, ती काही विहीर नव्हती. पोतं बांधायचं, सोडायचं. शालू पहिल्यांदा दोन्ही पायांनी फळीवर उभीच राहायची आणि डोळे मिटून घ्यायची. रुखमाबाई न रागावता पुन्हा पोतं वर ओढायची. हळूहळू पोरीचा पाय उचलू लागला. मग लवकर उचलू लागला. ती फळीवर पाय ठेवून दळत असताना, पोरीला पाजत असताना, बोलताबोलता रुखमाबाई पोतं सोडायची आणि शालूचा पाय वर. शालू हसायची, म्हणायची, "बाई, आता मी तुमच्यावानी झाली." एके दिवशी रुखमाबाईनं वामनला सांगितलं, "शिकली ती. तिचा पाय माह्यापेक्षा हलका उचलते. उतर तू."

तिला खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं. आम्ही दोघी एक गोष्ट विसरलो होतो: पोतं ओरडत नाही.

महादेवरावांची विहीर चांगली चालली होती. नारळ फुटला, शालूनं हळद-कुंकू वाहिलं, चक्री उभी राहिली. रुखमाबाई रोज भाकरी घेऊन मळ्यात यायची आणि बांधावरच्या बोरीखाली बसायची, विहिरीच्या तोंडापासून लांब. महादेवरावांनी स्वतः जागा दाखवून दिली होती, ह्याच्या अलीकडे नाही म्हणून. तिथून तिला खालचं काही दिसत नसे. तिला फक्त चक्री दिसे आणि शालूची पाठ. ती त्या पाठीकडे पाहत बसायची. मी एकदा तिच्याजवळ बसले, बोलायला लागले, तर तिनं हातानं गप्प केलं. दोरी दुसरीच्या पायाखाली आणि ध्यान हिचं.

फत्तर लागल्यावर सुरुंग लावायला सुरुवात झाली. संध्याकाळी सुरुंग उडवायचे आणि सकाळी वामननं उतरून सुटलेले दगड पाडायचे. त्या सकाळी मी ह्यांची भाकरी घेऊन पोचले तेव्हा वामन नुकताच काठावरून खाली उतरू लागला होता. भिंतीत पाय ठेवायला खाचा कोरलेल्या होत्या, त्यांच्या आधारानं. शालू फळी दाबून दोरी सोडत होती, अगदी शिकवल्यासारखी. मी तिच्या मागे भाकरीची टोपली उतरवत होते. आमचे हे पलीकडे बैल जुंपत होते, त्यांची पाठ इकडे. सुरुंगानं खिळखिळी झालेली एक खाच वामनच्या पायाखालून सुटली.

तो ओरडला. "शाले!" एवढंच ओरडला.

शालूनं दोन्ही पाय फळीवर रोवले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नवऱ्यानं हाक मारली आणि ती पोर घट्ट उभी राहिली, सगळ्या अंगाचं वजन पायात घेऊन, जणू पायानंच त्याला धरून ठेवणार होती. लाट गरगर फिरायची, अडखळायची, पुन्हा फिरायची; वामन खाचांना हात घालत, सुटत खाली चालला होता. आणि मी मान वळवली तर लांब बोरीखाली रुखमाबाई उठून उभी होती आणि तिचा उजवा पाय वर उचललेला होता. त्याच्याखाली नुसती माती होती.

मग ती धावली. महादेवरावांची जागा, विहिरीचं तोंड, रीत, काही तिच्या ध्यानात नव्हतं. ती शालूच्या अंगावर आदळली, खाली वाकून दोन्ही हातांनी तिचे पाय फळीवरून ढकलले. खटका पडला. लाट करकरली, खुंट हलले, पण चक्रीनं धरलं. दोरीला हिसका बसला आणि ती ताठ उभी राहिली.

वामन तळापासून माणूसभर वर लोंबकळत होता. पण खाली जाता जाता त्याचं डोकं खडकाच्या टप्प्यावर आपटलं होतं. रुखमाबाईनं दांडा धरला आणि फिरवू लागली. आमचे हे बैल तिथंच सोडून धावत आले, त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. मी शालूला धरून बसले. ती थरथरत नव्हती, रडत नव्हती, नुसती विहिरीच्या तोंडाकडे पाहत होती. चक्री टकटक करत होती, आणि प्रत्येक टकेला वामन एक बोट वर येत होता. शालिग्रामनं जे म्हटलं होतं ते सगळं त्या लाकडानं केलं, फक्त उशिरा केलं.

वर आला तेव्हा तो जिवंत होता. त्यानं वहिनीचा पदर मुठीत धरला, लहानपणी धरायचा तसा. गाडीत गवत टाकून त्याला दुसरबीडला नेलं, तिथून एका ट्रकवाल्यानं देऊळगाव राजाकडे. रुखमाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो वाटेतच गेला. ट्रक तिथूनच माघारी फिरला.

आता लोकांनी पाहिलं काय? महादेवराव तेव्हा मळ्याच्या वाटेवर होते, त्यांनी पाहिलं की विधवा बाई धावत आली, तिनं चक्रीला हात लावला, दोरीला हिसका बसला आणि माणूस रक्तबंबाळ वर आला. एवढंच. दुपारपर्यंत गावात तेच. हिसक्यानं डोकं आपटलं. हिनं हात लावला नसता तर पोर अलगद तळाशी उतरलं असतं. अलगद! मला अजून त्या शब्दाचा संताप येतो. हात सुटून खाली चाललेला माणूस अलगद उतरतो का कुठं? पण दुःखात बुडालेल्या घराशी वाद घालायला कोण जाणार, आणि महादेवरावांशी तर कोणीच नाही.

तेराव्याला अंगणात सगळी भावकी बसली असताना अन्नपूर्णाबाईनं सुनेला विचारलं. आवाज चढवला नाही तिनं. तिचे दोन्ही मुलगे गेले होते, आवाज चढवायला तिच्यात काही उरलं नव्हतं. तिनं विचारलं की तू हात लावलास तेव्हा तो पडत होता का आधीच थांबला होता. मी उठले. मला सांगायचं होतं की मी मागेच उभी होते, मी पाहिलं, हिच्यामुळे तो तळावर फुटला नाही, आणि कुणामुळे उशीर झाला तेही मी पाहिलं. रुखमाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता माझा हात धरला आणि इतका दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. मग ती म्हणाली की, मला काही आठवत नाही, मी हात लावला हे खरं.

सगळ्यांना तेवढंच पाहिजे होतं.

मी दुसऱ्या दिवशी तिला वांग्याच्या वाफ्यात गाठलं आणि खूप बोलले. तू खुळी आहेस का, म्हणाले. तुझ्या हातांनी त्याला धरलं आणि तूच गुन्हेगार? ती वांगी तोडत राहिली. टोपली भरली तेव्हा म्हणाली, "सिंधू, शालू जेवत नाई. झोपत नाई. पोरीले पाजत नाई, मी वरचं दूध पाजून राह्यली. ती नुसती पाय चोळत बसते. उजवा पाय. तुले समजते ना काऊन ते?"

मला समजत होतं.

"ती मले इचारीन एखाद्या दिवशी. तवा मी काय सांगू? तिच्या पायानं गेला म्हून सांगू? ती वीस वर्षाची नाई अजून. कशी जगीन ती?" मग तिनं आपल्या गळ्याची शपथ मला घातली. शालू जिवंत आहे तोवर कुणाजवळ बोलायचं नाही, नारायणरावांजवळसुद्धा नाही. मी शपथ घेतली आणि तिथंच बांधावर बसून रडले. ती रडली नाही. वामन गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलंच नव्हतं, तिच्या वाट्याचं रडणं कुणी ठेवलंच नव्हतं. नवऱ्यासाठी रडायला बायको होती, मुलासाठी रडायला आई होती. दिरासाठी वहिनी किती रडणार, आणि तीही जिच्या हातानं तो गेला असं म्हणतात ती?

पुढे शालूचे भाऊ तिला न्यायला आले. ती अजून रडली नव्हती. भाऊ म्हणाला, बहीण वेडी होईल अशानं. माहेरी नेतो, पुढं तिचा पाट लावून देऊ, वय काय तिचं. अन्नपूर्णाबाई हो म्हणाली. आमच्या गाडीतून त्यांना दुसरबीडला एस.टी.वर सोडायचं ठरलं. मी गाडीत होते. रुखमाबाई पोरीला कडेवर घेऊन गाडीमागं चालत आली, कारण शालू तिला गाडीत बस म्हणाली नाही आणि ती आपणहून बसली नाही.

एस.टी. यायला वेळ होता. लिंबाखाली चहाच्या दुकानाशी बरीच माणसं होती, आमच्या गावचीही होती. रुखमाबाईनं पोरीला शालूच्या मांडीवर दिलं, तिचं झबलं सारखं केलं. शालूनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांकडे पाहत होती.

ती म्हणाली, "बाई, मले एक खरं सांगा. माह्या पायानं झालं, का तुमच्या हातानं?"

सगळे ऐकत होते. चहावाल्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मी माझी जीभ दातांखाली धरली.

रुखमाबाई म्हणाली, "माह्या हातानं झालं, शालू. तुहा पाय उचलला होता. तू शिकवल्यासारखाच उचलला. मीच मधी आली."

शालू तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या छातीतून असा आवाज निघाला की पोर दचकून रडायला लागली. शालू रडली. वामनचं नाव घेऊन, केस ओढून, जमिनीवर हात आपटून रडली. आणि मग उठून तिनं रुखमाबाईला ढकललं. नाही नाही ते बोलली. तुमचं तोंड पाहणार नाही, माझ्या लेकरावर तुमची सावली पडू देणार नाही, तुम्ही मराल तेव्हा पाणी पाजायला कुणी राहणार नाही. भावांनी तिला धरलं. रुखमाबाई खाली पडली होती ती उठून बसली, लुगडं झटकलं. पोरीकडे एकदा हात पुढे केला, तर शालूनं पोरीला छातीशी ओढून पाठ फिरवली. तिनं हात मागे घेतला.

एस.टी. आली आणि गेली. शालू खिडकीत बसून रडत होती, मोठ्यानं, लाज न धरता, आणि रडता रडता तिनं पदराखाली पोरीला पाजायला घेतलं होतं. ते मी पाहिलं आणि रुखमाबाईनंही पाहिलं.

आमच्या गावची माणसं तिच्याकडे पाठ करून चहा पीत होती. मी तिच्याजवळ गेले. ती रस्त्याकडेच पाहत होती.

"रडली एकदाची," ती म्हणाली. "आता जगीन."

मी तिला गाडीत बसायला सांगितलं. ती बसली.